हातोहात : सामाजिक मानसशास्त्र शिकू पाहणाऱ्यांसाठी

चेन्नईत पहिल्यांदा सिटी बसमध्ये चढले तेव्हा मुंबईच्या सवयीनं कंडक्टरची वाट पाहत उभी राहिले. मुंबईत तो पंचाची टकटक करत, अंग चोरत आपल्यापर्यंत यायचा. इथला कंडक्टर मागच्या दाराजवळ आपल्या सीटवर बसून होता. तेवढ्यात पुढच्या बाईंनी वळून वीस रुपयांची नोट माझ्या हातावर ठेवली. "पास पण्णुंग." ती त्यांचीही नव्हती, आणखी पुढून कुणीतरी पाठवली होती. मी ती मागच्या माणसाला दिली, त्यानं त्याच्या मागच्याला. सहा-सात हातांतून नोट कंडक्टरकडे गेली. "सिल्लरै, सिल्लरै" म्हणत तो सुट्ट्या पैशांसाठी कुरकुरला (हा शब्द कळायला मराठी माणसाला तमिळ शिकावं लागत नाही) आणि तिकीट नि उरलेले पैसे आल्या वाटेनं परत निघाले. ज्याची नोट होती तो माणूस मला शेवटपर्यंत दिसला नाही. आपले पैसे कुणाकुणाच्या हातांतून गेले हे त्यालाही कळलं नसेल. तरी चिल्लर पुरी पोचली.

असं का होतं? पुढं अनेक वर्षं वर्गात पहिल्या तासाला मी हाच प्रश्न विचारत आले. पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "मॅडम, लोक प्रामाणिक असतात म्हणून." मग मी विचारते, हीच नोट रिकाम्या बसमध्ये सीटखाली सापडली असती तर? वर्गात हशा होतो. माणसं तीच, नोट तीच, उत्तर मात्र बदलतं. बसमध्ये प्रत्येकाच्या पुढं एक हात असतो आणि मागं एक. आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे न सांगता कळतं, आणि नोट खिशात घालायची झालीच तर सहा जणांच्या देखत घालावी लागेल. प्रामाणिकपणा खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. तो एकेकट्या माणसाच्या आत जेवढा असतो तेवढाच माणसामाणसांच्या मध्येही असतो. या 'मधल्या' जागेचा अभ्यास म्हणजे सामाजिक मानसशास्त्र.

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये केलेली व्याख्या आजही बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडते. इतर माणसं प्रत्यक्ष हजर असोत, आपण त्यांची कल्पना करत असू किंवा ती आहेत हे नुसतं गृहीत धरलेलं असो, त्यांच्यामुळे आपले विचार, भावना आणि वागणं कसं बदलतं हे शोधणारं शास्त्र, असा तिचा आशय. यातला कल्पनेचा भाग महत्त्वाचा आहे. रात्री बारा वाजता रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्यापाशी थांबणाऱ्या माणसाजवळ कुणीही नसतं, आणि तरी तो एकटा नसतो. समाजशास्त्र जात, वर्ग, कुटुंब, बाजार अशा रचनांकडे पाहतं. व्यक्तिमत्त्वाचं मानसशास्त्र माणसामाणसांतले फरक मोजतं. सामाजिक मानसशास्त्र या दोघांच्या बांधावर उभं आहे आणि दोन्ही शेतांतलं पाणी त्याच्याकडे येतं.

बांधावरच्या या जमिनीत आपल्या म्हणी फार पूर्वीपासून उगवल्या आहेत. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' हे सामाजिक प्रभावाचं एका ओळीतलं वर्णन आहे. 'वासरांत लंगडी गाय शहाणी' हे ज्याच्या तोंडी आहे त्याला सामाजिक तुलना समजवावी लागत नाही. हाती न आलेल्या द्राक्षांना आंबट म्हणणारा कोल्हा पुढं 'संज्ञानात्मक विसंगती' या बोजड नावानं परीक्षेला येतो. मग हे शास्त्र कशाला हवं? कारण म्हणी एकमेकींशी भांडतात. 'गाव करी ते राव न करी' म्हणणारा समाजच 'बारभाईचा कारभार' म्हणून नाक मुरडतो. दोन्ही खरं असेल तर केव्हा कोणतं खरं? फ्रान्समधले शेतकी अभियंते माक्स रिंगेलमान यांनी दोर ओढणाऱ्या माणसांचा जोर मोजला. माणसं वाढली तसा एकूण जोर वाढला, पण माणशी जोर कमी झाला. 1979 मध्ये बिब लाटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या आणि आरडाओरडा यांवर प्रयोग करून दाखवलं की ही घट केवळ ताळमेळ चुकल्यानं होत नाही, माणूस गटात खरोखर हात आखडता घेतो. प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जाणार हे सांगितलं की ही घट पुष्कळशी भरून निघते, हेही पुढच्या अभ्यासांत दिसलं. म्हण निवाडा देते. शास्त्र तो निवाडा कोणत्या अटींवर टिकतो ते तपासतं.

इतिहास सांगताना 1898 पासून सुरुवात करायची प्रथा आहे. नॉर्मन ट्रिपलेट यांच्या लक्षात आलं की सायकलस्वार एकट्यापेक्षा सोबतीनं जास्त वेगात जातात. त्यांनी मुलांना मासेमारीची रिळं फिरवायला लावून हेच तपासलं. 1908 मध्ये या विषयाची दोन पुस्तकं आली. मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकडूगल यांच्या पुस्तकाचा पाया सहजप्रेरणा हा होता, समाजशास्त्रज्ञ एडवर्ड रॉस यांच्या पुस्तकाचा अनुकरण आणि जमाव. विषयाचे दोन स्वभाव जन्मापासूनच असे वेगळे राहिले. 1924 मध्ये फ्लॉइड ऑलपोर्ट यांनी तो प्रयोगशाळेत नेऊन बसवला.

या कहाणीतली भारतीय पानं आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा दिसत नाहीत, म्हणून ती इथं मांडते. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. एका वर्गानं स्वतःभोवती बेटीबंदीची भिंत घातली, तर इतरांनी ती का घातली? उत्तर शोधताना आंबेडकर फ्रेंच विचारवंत गाब्रिएल टार्ड यांच्या अनुकरणाच्या नियमांकडे आणि वॉल्टर बॅजट यांच्याकडे वळले. वरच्यांचं पाहून खालचे करतात आणि जवळचं अनुकरण लवकर होतं, या सूत्रावर त्यांनी जातींचा फैलाव मांडला. हा युक्तिवाद सरळ सरळ सामाजिक मानसशास्त्राचा आहे. त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठात देशातला पहिला मानसशास्त्र विभाग सुरू झाला. 1924 मध्ये म्हैसूरला आणि 1943 मध्ये मद्रास विद्यापीठात असे विभाग निघाले. राधाकमल मुखर्जी आणि नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांचं सामाजिक मानसशास्त्राची ओळख करून देणारं पुस्तक 1928 मध्येच प्रसिद्ध झालं होतं. हे सगळं उसनं आणलेलं शास्त्र आहे, असं म्हणण्यापूर्वी या तारखा आठवाव्यात.

त्यातही एक धागा मला सगळ्यात जवळचा वाटतो. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारला मोठा भूकंप झाला. त्याच महिन्यात तमिळ मुलुखात अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर असलेल्या गांधीजींनी भूकंप हे अस्पृश्यतेच्या पापाचं फळ असल्याचं म्हटलं आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर विरोध केला. मोठी माणसंही आपत्तीला कारण शोधतात, सामान्य माणसं अफवा शोधतात. पाटण्याचे जमुना प्रसाद या अफवा गोळा करत होते. त्यांचा लेख 1935 मध्ये प्रसिद्ध झाला. धक्के जाणवले पण फारशी पडझड झाली नाही अशा भागांत, येत्या चंद्रग्रहणाला याहून भीषण भूकंप होणार अशा जातीच्या अफवा पसरल्या होत्या. अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर यांना यातलं कोडं नेमकं खटकलं. आधीच घाबरलेली माणसं आणखी घाबरवणाऱ्या गोष्टींवर विश्वास का ठेवतात? त्यांचं उत्तर असं : जिवाची धडधड होत होती पण आजूबाजूला धडधडण्यासारखं काही दिसत नव्हतं, तेव्हा भीतीला साजेसं कारण हवं होतं. ते अफवेनं पुरवलं. ताळा म्हणून त्यांनी दुर्गानंद सिन्हा यांचा 1950 मधल्या दार्जिलिंगच्या दरडींचा अभ्यास घेतला. जिथं विध्वंस डोळ्यांसमोर होता तिथं अशा वाढीव अफवा दिसल्या नाहीत. 1957 च्या त्यांच्या संज्ञानात्मक विसंगतीच्या सिद्धांतामागे ही दोन भारतीय निरीक्षणं आहेत.

मी हे वर्षानुवर्षं शिकवत होते आणि तरी डिसेंबर 2015 मध्ये त्याच जाळ्यात अडकले. 1 तारखेच्या पावसात तांबरमला 24 तासांत 49 सेंटिमीटर पाणी पडलं. चेंबरम्बाक्कम् जलाशयातून सोडलेल्या पाण्यानं अडयार नदी कोट्टूरपुरम्, सैदापेट या वस्त्यांत शिरली. 1878 मध्ये सुरू झालेल्या 'द हिंदू' या दैनिकाची चेन्नई आवृत्ती 2 तारखेला छापता आली नाही. मी मैलापूरला होते. आमच्या गल्लीत घोट्याएवढं पाणी, घर कोरडं, वीज नाही, फोन बंद. चौथ्या दिवशी फोन जिवंत झाला आणि पहिला निरोप आला : शहराबाहेरच्या मगर उद्यानातून मगरी निसटून पाण्याबरोबर वस्तीत आल्या आहेत. मी तो चार जणांना पुढं पाठवला, अगदी हातोहात. उद्यानानं हे खोटं असल्याचं नंतर जाहीर केलं. पण त्याआधीच कोट्टूरपुरमच्या मैत्रिणीचं उत्तर आलं होतं. तिच्या घराचा तळमजला छतापर्यंत बुडाला होता. तिनं लिहिलं, "मगर कुणी पाहिली? ते सोड, तुमच्याकडे दूध मिळतंय का?" मैलापूर म्हणजे माझं पाटणा, तिचं कोट्टूरपुरम म्हणजे दार्जिलिंग. एका निरोपानं काहीच सिद्ध होत नाही, हे शिकवणं माझं कामच आहे. पण सिद्धांत स्वतःच्या अंगाला लागला की कसा चुरचुरतो, ते त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या महायुद्धानं आणि त्याआधीच्या वर्षांनी या विषयाला त्याचे मोठे प्रश्न दिले. 1933 मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेला गेलेल्या कुर्ट लेविन यांनी आग्रहानं सांगितलं की वर्तन हे व्यक्ती आणि तिची परिस्थिती या दोन्हींतून घडतं. तुर्कस्तानातून आलेल्या मुझफ्फर शेरीफ यांनी 1936 मध्ये अंधारातल्या एका ठिपक्यावर गटाचा दंडक कसा जन्मतो ते दाखवलं. वॉर्सात जन्मलेल्या सॉलोमन ॲश यांनी 1950 च्या दशकात धडधडीत दिसणाऱ्या रेघांच्या लांबीबद्दल एकट्या माणसाला बहुमतासमोर उभं केलं. सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी चुकीच्या बहुमताबरोबर गेले. स्टॅनली मिलग्रॅम यांच्या 1960 च्या दशकारंभीच्या मूळ प्रयोगात 40 पैकी 26 जणांनी शेजारच्या खोलीतल्या माणसाला 450 व्होल्टचा झटका देतोय असं समजून शेवटचं बटण दाबलं. आकडे प्रसिद्ध आहेत. त्यांच्या मागं उभी असलेली माणसं बहुतेक निर्वासित, स्थलांतरित किंवा त्यांची मुलं होती, हे कमी सांगितलं जातं. माणसं एका रात्रीत शेजाऱ्याला परकं कसं करतात, हा प्रश्न त्यांच्या घरातून आला होता.

त्यानंतरचे प्रवाह ढोबळमानानं चार. पहिला आकलनाचा : इतरांबद्दल आपण निष्कर्ष कसे काढतो आणि वागण्याला कारणं कशी चिकटवतो. फ्रिट्झ हायडर यांच्या 1958 च्या पुस्तकानं त्याची दिशा ठरवली. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण स्वभाव आणि आपल्या वागण्याचं कारण परिस्थिती, ही आपली खोड याच प्रवाहानं पकडली. दुसरा युरोपचा : हेन्री टाइफेल यांनी 1970 च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना निव्वळ नाममात्र गटांत विभागलं आणि तेवढ्यावरही मुलं आपल्या गटाला झुकतं माप देतात हे दाखवलं. तिसरा समाजशास्त्राच्या अंगानं येणारा, जॉर्ज हर्बर्ट मीड आणि अर्व्हिंग गॉफमन यांचा : आपण रोजच्या व्यवहारात 'स्व' कसा वठवतो. चौथा संस्कृतीचा, ज्यात भारताला हक्काची जागा आहे. जोन मिलर यांनी 1984 मध्ये शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांची तुलना केली. आठ वर्षांची मुलं दोन्हीकडे बरीचशी सारखी होती. वय वाढलं तसे अमेरिकन लोक कारणं अधिकाधिक स्वभावात शोधू लागले, म्हैसूरचे लोक नातं, कर्तव्य आणि प्रसंग यांत. म्हणजे जिला 'मूलभूत' चूक म्हणून जगभर शिकवलं जातं ती खोड निदान काही अंशी शिकलेली असते. जय बी. पी. सिन्हा यांचं जोपासणाऱ्या पण काम करवून घेणाऱ्या नेत्याचं प्रारूप आणि आशिस नंदी, सुधीर कक्कर यांचं लेखन हेही या भूमीतूनच आलं.

टाइफेल यांचं म्हणणं मला माझ्या भावाच्या दुकानात सगळ्यात नीट दिसतं. आमचं माहेर सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं. तिथली आणि आटपाडीकडची हजारो घरं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. भाऊ चेन्नईच्या साहुकारपेठेत असतो. भट्टीपाशी तो आमच्या गावची मराठी बोलतो, गिऱ्हाइकाशी तमिळ, सराफाशी हिंदी. गल्लीतली पोरं त्याला 'सेट्टु' म्हणतात, कारण उत्तरेकडून आलेला प्रत्येक व्यापारी त्यांच्या लेखी सेट्टु. यात्रेला गावी गेला की तोच 'मद्रासवाला' होतो. आणि तंजावरच्या मराठ्यांच्या काळापासून इथं राहणारे, घरात जुन्या वळणाची मराठी बोलणारे शेजारी त्याला आपल्यातला धरावं की नाही या विचारात पडतात. माणूस एकच, पण समोर कोण उभं आहे त्यावर त्याचा गट बदलतो. 1960 च्या दशकाअखेरीस मुंबईत चार राज्यांतल्या माणसांना 'मद्रासी' या एकाच शब्दात कोंबून नोकऱ्यांवरून जे राजकारण झालं, ते आठवताना आपल्या बाजूचे साचेही तपासायला हवेत. साचा बाहेरचे घडवतात तसा आपणही घडवतो.

गर्दीबद्दलही साचे आहेत. गुस्ताव ल बाँ यांनी 1895 मध्ये जमावाला डोकं नसतं असं ठसवलं आणि जगभरच्या पोलिसांनी ते मनावर घेतलं. जानेवारी 2017 मध्ये जल्लिकट्टू या बैलांच्या खेळावरची बंदी उठावी म्हणून मरीना किनाऱ्यावर जमलेल्या तरुणांनी दिवसचे दिवस बसून कचरा उचलला, अन्न वाटलं, रहदारीला वाट करून दिली. 23 तारखेला पोलिसांनी किनारा रिकामा करायला घेतल्यावर हिंसाचार झाला. बेडोक्याच्या जमावाची कल्पना या दिवसांचा उलगडा करू शकत नाही. स्टीफन रायकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मांडणी इथं जास्त उजेड पाडते : गर्दीत माणूस स्वतःला हरवत नाही, 'आपण कोण' याची त्याची व्याख्या बदलते, आणि ती व्याख्या समोरचा आपल्याशी कसा वागतो यावरही ठरते. रायकर यांच्या गटानं तेव्हाच्या अलाहाबादच्या माघ मेळ्यातही या दिशेनं काम केलं आहे.

या विषयाचं स्वतःचं घर मात्र गेल्या दीड दशकात चांगलंच हादरलं. 1964 मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला तेव्हा 38 जण नुसते पाहत राहिले, ही कथा पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. ती तशी घडली नव्हती, हे पुढं दाखवून दिलं गेलं. तिच्यावरून स्फुरलेले जॉन डार्ली आणि लाटाने यांचे प्रयोग वेगळे आणि आजही मोलाचे आहेत, पण कथा आणि पुरावा यांत फरक करायला आपण उशिरा शिकलो. 1971 च्या स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगात पहारेकऱ्यांना कसं वागायचं ते सुचवलं गेल्याचे पुरावे पुढं आले. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले, तेव्हा 36 टक्क्यांच्या आसपास अभ्यासांतच सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष पुन्हा मिळाला. त्याआधी 2010 मध्ये जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की आपण 'माणूस' म्हणून ज्याचं वर्णन करतो तो बहुतेक वेळा पाश्चात्त्य, सुशिक्षित, सुखवस्तू समाजातला विद्यार्थी असतो. काहींना यात विषयाची नाचक्की दिसते. मला वाटतं, ज्या शास्त्राला आपली चूक मोजून जाहीर करता येते त्याच्यावर विद्यार्थ्यानं जास्त भरवसा ठेवावा.

आणि आपल्याला त्याची गरज आत्ता आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आले होते. त्याच वर्षी मे महिन्यात तमिळनाडूत तिरुवण्णामलै जिल्ह्यात, देवदर्शनाला निघालेली चेन्नईची एक वृद्ध बाई मुलांना चॉकलेट देताना दिसली म्हणून जमावाच्या हाती मेली. मार्च 2023 मध्ये तमिळनाडूत बिहारी मजुरांवर हल्ले होत असल्याच्या खोट्या चित्रफिती फिरल्या. मजूर घाबरले, काहींनी गाव गाठलं, बिहारचं पथक पाहणीला आलं. 1934 मध्ये प्रसाद यांनी टिपलेली अफवा तोंडोतोंडी चालत होती. आता तिला अंगठा पुरतो. वेग बदलला, पण पुढं ढकलणाऱ्या प्रत्येकाचं मन जवळपास तेच आहे : सगळे पाठवताहेत म्हणजे काहीतरी असेल, खोटं निघालं तर एकट्या माझ्यावर थोडंच येणार?

प्रश्न फक्त हिंसेचा नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी बोलावणी आली. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. जात जाहीर न करता दलित मुलं इतरांच्या बरोबरीनं सोडवत होती, सगळ्यांसमोर जात पुकारली की त्यांची कामगिरी घसरत होती. दुसरीकडे मॅट लोव यांचा 2021 चा अभ्यास आहे. उत्तर प्रदेशातच वेगवेगळ्या जातींचे तरुण एका क्रिकेट संघात खेळले तेव्हा जातीबाहेरची मैत्री वाढली, समोरासमोरचे प्रतिस्पर्धी म्हणून भेटण्याचा तसा फायदा झाला नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच म्हटलं होतं की नुसता संपर्क पुरत नाही, त्याच्या अटी बघाव्या लागतात. पूर्वग्रह घालवायला प्रवचन पुरतं असं मानणाऱ्यांनी हे अभ्यास शेजारी शेजारी ठेवावेत.

हे पुस्तक का लिहिलं, त्याचं कारण घरातलं आहे. माझी भाची गावाकडे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. एका रात्री तिचा फोन आला. "आत्या, अनुरूपता म्हणजे नक्की काय गं? व्याख्या पाठ आहे माझी." मी विचारलं, "मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेलीस, सगळ्या म्हणाल्या भारी होता, तुला कंटाळा आला होता, तर तू काय म्हणालीस?" ती थोडं थांबली. "भारी होता म्हणाले." मग म्हणाली, "एवढंच?" एवढंच नाही, पण सुरुवात तिथून होते. मराठीतून हा विषय शिकणाऱ्या मुलांना शब्द मिळतात आणि त्यांच्या खालची जमीन मिळत नाही. अभिवृत्ती, कारणारोपण, साचेबद्ध प्रतिमा हे शब्द परीक्षेसाठी लागणारच, म्हणून ते या पुस्तकातही आहेत. पण प्रत्येक शब्दाआधी तो ज्यातून उगवला तो प्रसंग ठेवला आहे, आणि वाचकानं उत्तर वाचण्यापूर्वी स्वतःचा अंदाज वहीत लिहावा अशी विनंती आहे. अंदाज चुकला की विषय पक्का बसतो.

एक शिस्त मी स्वतःवर घालून घेतली. कोणताही प्रयोग सांगताना तो कुणावर, कुठं, केव्हा झाला आणि पुन्हा करून पाहिल्यावर काय निघालं, हे शक्य तिथं सांगायचं. त्यामुळे काही लोकप्रिय गोष्टी या पुस्तकात लंगडत येतात. 'माणूस असा असतो' अशी वाक्यं कमी सापडतील, 'अशा ठिकाणी अशी माणसं अशी वागली' अशी जास्त. मेंदूविज्ञान, जाहिरातशास्त्र, समुपदेशन या शेजारच्या गावांना नुसता हात करून पुढं गेले आहे. एका वर्षाच्या अभ्यासात तेवढीच वाट होते. पुस्तक चेन्नईत लिहिलं आणि महाराष्ट्रातल्या वर्गांसाठी लिहिलं, म्हणून उदाहरणं दोन्हीकडची आहेत. परक्या शहरात आपल्या सवयी जास्त ठळक दिसतात. त्या बसमधल्या नोटेकडे मुंबईकर म्हणून मी जेवढं टक लावून पाहिलं, तेवढं जन्मानं चेन्नईकर असलेलं कुणी पाहत नसावं.

ॲश यांच्या प्रयोगाचा एक भाग वर्गात घाईत राहून जातो. त्यांनी पुढं एक बदल केला. बहुमताच्या रांगेत एकच माणूस खरं उत्तर देणारा ठेवला, तेव्हा चुकीच्या बहुमताबरोबर जाणं एकदम कमी झालं. बाकीचे सगळे चुकतच होते, कुणाचं मन वळलं नव्हतं. फक्त एक आवाज वेगळा निघाला होता. कोट्टूरपुरमच्या मैत्रिणीचा "मगर कुणी पाहिली?" हा प्रश्न माझ्यासाठी तसा निघाला. तो वाचून मी चौघांना पुन्हा निरोप धाडले, खात्री नाही म्हणून. दोघांनी सांगितलं, आम्ही तर तो पुढं पाठवलासुद्धा. उरलेल्या दोघांनी तो पाठवला नव्हता, आणि त्यांच्यापाशी तो तिथंच थांबला.

चेन्नई, पोंगल